उसाचा हिरवा जमत नाही – रंग कुठले घ्यावेत, कसे मिसळावेत?

ओला_कागद

नमस्कार मंडळी. एलिमेंटरीच्या परीक्षेनंतर ब्रश खाली ठेवला तो थेट आत्ता, मुलं मार्गी लागल्यावर उचलला. जलरंगच करायचे आहेत. कोल्हापुरात विषयाला तोटा नाही. रंकाळा आहे, पंचगंगेचा घाट आहे, पन्हाळ्याच्या वाटेवर थांबाल तिथं चित्र आहे. रेखाटन बऱ्यापैकी येतं. घोडं अडतंय रंगात, त्यातही हिरव्यात.

वडणग्याच्या बाजूचा ऊस काढायला घेतला. ट्यूबमधला तयार हिरवा लावला तर शेत प्लास्टिकचं वाटतं. निळा-पिवळा मिसळून हिरवा केला तर दोन हात फिरवेपर्यंत त्याचा चिखल होतो. पेटी २४ रंगांची आहे. दुकानदार म्हणाले, मोठी घ्या, त्यात हिरवे जास्त असतात. घेऊ का?

आणि एक जोडप्रश्न: जोतिबाच्या गुलालाचा रंग कशानं येतो? लालात पांढरा घालून बघितला, फिका नारिंगी होऊन बसतो.

पेठेतला_गडी

मोठी अजिबात घेऊ नका ताई. आमच्या पोराकडं ४८ ची हाय. त्यातला काळा आणि निळा संपलाय, बाकीचे ट्यूबमध्येच वाळून गेलेत. बसतो हितंच, जाणकार येतील आता.

खडू_फळा

पेटी आहे तीच उघडा आणि त्यात निळे कोणते, पिवळे कोणते, तेवढं इथं लिहा. बहुतेक उत्तर त्यातच निघेल.

ओला_कागद

निळे: अल्ट्रामरीन, कोबाल्ट, प्रशियन, सेरुलियन. पिवळे: लेमन, गॅम्बोज, यलो ऑकर. लाल: व्हर्मिलियन, स्कार्लेट, क्रिम्झन. हिरवे: सॅप, व्हिरिडियन, हुकर्स, एमराल्ड. शिवाय बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, पेन्स ग्रे, काळा, पांढरा आणि काही किरकोळ. मी हिरव्यासाठी अल्ट्रामरीन आणि गॅम्बोज घेत होते. पेटीत तेच सगळ्यात जास्त निळा आणि पिवळा दिसतात.

खडू_फळा

वाटलंच होतं.

शाळेत आम्ही लाल, पिवळा, निळा हे मुख्य रंग आणि त्यांच्यापासून नारिंगी, हिरवा, जांभळा हे दुय्यम, असं रंगचक्र शिकवतो. नोकरीभर तेच फळ्यावर काढलं. पण दुकानात नुसता निळा मिळत नाही, मिळतो तो कुठल्यातरी बाजूला कललेला निळा. अल्ट्रामरीन जांभळ्याकडं कलतो, म्हणजे त्यात लालाचा अंश. प्रशियन हिरव्याकडं कलतो. पिवळ्यांत लेमन हिरव्याकडं, गॅम्बोज नारिंगीकडं. तुम्ही लालाकडं कललेला निळा घेतलात आणि लालाकडंच कललेला पिवळा. तिन्ही मुख्य रंग एका वाटीत आले की हिरवा मरणारच.

का मरतो, तेही सांगतो, कारण हे एकदा कळलं की पाठांतर करावं लागत नाही. रंगद्रव्य प्रकाश गिळतं. जे गिळत नाही ते आपल्याला दिसतं. पिवळं द्रव्य निळा प्रकाश गिळतं आणि हिरवा, पिवळा, तांबडा परत पाठवतं. प्रशियन तांबडा गिळतो, निळ्याबरोबर थोडा हिरवाही सोडतो. दोघं एकत्र आले की दोघांनीही न गिळलेला तेवढा उरतो, तो हिरवा. अल्ट्रामरीन हिरवा फार कमी सोडतो, म्हणून त्याच्यापासून उरतं ते थोडं आणि काळपट. तिसरा रंग घातला, चौथा घातला, की गिळणारे वाढले. चिखल म्हणजे दुसरं काही नाही.

आता काम. जाड कागदावर चौकटी आखा. वर आडवे तिन्ही पिवळे, डावीकडं उभे चारही निळे. प्रत्येक चौकटीत त्या त्या जोडीचा हिरवा, एकदा पिवळा जास्त घालून, एकदा निळा जास्त घालून. खाली नावं लिहा. बारा जोड्यांतून चोवीस हिरवे तुमच्याच पेटीतून निघतील आणि त्यातला एकही विकत आणलेला नसेल. पेन्स ग्रे आणि काळा तेवढ्यापुरते कपाटात ठेवा.

आणखी एक. लेमन आणि प्रशियनचा जो झगझगीत हिरवा निघेल तोही ऊस नव्हे. त्यात ब्रशच्या टोकावर मावेल एवढा बर्न्ट सिएना घाला. हिरव्याचा विरोधी लाल, आणि सिएना तांबूस, त्यामुळं हिरव्याचा कर्कशपणा खाली येतो. हिरवा आपोआप मळणं वेगळं आणि तुम्ही ठरवून, पाहिजे तेवढाच मोडणं वेगळं.

चार_प्लेटा

सरांचा आदर ठेवून एक हरकत. उद्यमनगरात ऑफसेट छपाईचं काम करतो. आमच्याकडं लाल, पिवळा, निळा असलं काही नसतं. सायन (हिरवट निळा), मजेंटा (जांभळट गुलाबी), पिवळा आणि काळा. चार प्लेटा, चार शाया, आणि त्यातून तुमच्या लग्नपत्रिकेपासून गुळाच्या खोक्यापर्यंत सगळं छापून निघतं. लाल हा मुख्य रंग नाहीच, तो मजेंटा आणि पिवळ्यापासून होतो. निळा सायन आणि मजेंटापासून. लाल आणि निळ्यापासून स्वच्छ जांभळा करून दाखवा म्हटलं की शाळेतलं रंगचक्र गडबडतं.

ताईंच्या गुलालाचं उत्तर इथं आहे. व्हर्मिलियन आणि स्कार्लेट पिवळ्याकडं कललेले लाल. त्यात कितीही पांढरा ओता, नारिंगीच होणार. गुलालात पिवळा औषधालाही नाही. तुम्हाला मजेंटा पाहिजे. जलरंगात क्विनाक्रिडोन रोज किंवा क्विनाक्रिडोन मजेंटा नावानं मिळतो, ट्यूबवर बारीक अक्षरात पीव्ही १९ किंवा पीआर १२२ असा रंगद्रव्याचा कोड असतो. पेटीत भर घालायचीच असेल तर ही एक सुटी ट्यूब घाला.

पेठेतला_गडी

सुरू झालं. चहा ठेवतो.

खडू_फळा

हरकत मान्य, अर्धी. छपाईला मजेंटा, सायन बरोबरच आहेत, जांभळ्याचा मुद्दाही खरा. पण चित्रकाराला सगळेच रंग लागत नाहीत. स्वीडनचा चित्रकार झॉर्न (१८६०–१९२०) यलो ऑकर, व्हर्मिलियन, आयव्हरी ब्लॅक आणि पांढरा एवढ्या रंगसंचासाठी ओळखला जातो. त्यात निळाच नाही. काळ्यात पांढरा घातला की तो ऑकर आणि तांबड्याच्या शेजारी निळसर दिसतो आणि काम भागतं. तेव्हा मुख्य रंग कोणते यावर भांडण्यापेक्षा समोरच्या चित्राला कोणते पुरतील हे बघावं.

गुलालाबद्दल पुस्ती: मजेंटा आणा, पण पांढरा मिसळू नका. जलरंगात पांढरा म्हणजे कागद. रंगात पाणी वाढवा, कागद खालून उजळेल. तरीही गुलाल जत्रेत दिसतो तेवढा पेटणार नाही, तो शेजारच्या रंगांनी पेटवावा लागतो. आजूबाजूची गर्दी, दगड, भिंती करड्या ठेवा, आणि तो करडाही जरा हिरव्याकडं झुकवा.

ही युक्ती जुनी आहे. पॅरिसच्या गोबेलिन कारखान्यात शेव्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ रंगखात्याचा प्रमुख होता. काळी लोकर फिकी दिसते अशी तक्रार आली. त्यानं तपासलं तर लोकर ठीक होती, शेजारी विणलेल्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळं काळा मार खात होता. त्यावर त्यानं १८३९ मध्ये आख्खा ग्रंथ छापला. वाटीत रंग बरोबर वाटतो आणि कागदावर जाऊन बिघडतो, त्याचं निम्मं कारण हेच असतं. म्हणून रंग वाटीत जोखू नका. चित्राच्याच कागदाच्या पट्टीवर लावा आणि ज्याच्या शेजारी जाणार आहे त्याच्याजवळ धरून बघा.

चार_प्लेटा

पेटवण्याचं पटलं. जत्रेचं पोस्टर छापताना गिऱ्हाईक गुलालावर अडून बसलं तर आम्हालाही चार शायांत तो भरत नाही, पाचवी शाई वेगळी घालावी लागते.

बोर्ड_पेंटर

मास्तर लोकांचं चालू द्या. आपलं आयुष्य दुकानाच्या पाट्या आणि ट्रकाच्या मागचे मोर रंगवण्यात गेलं, आता फ्लेक्सनं पाट्या खाल्ल्या तो भाग वेगळा. कामाच्या गोष्टी सांगतो.

फिक्यात गडद घालायचा, गडदात फिका न्हाई. निळ्याचा हिरवा करायला बसला तर डबाभर पिवळा ओताल तरी निळाच राहतो. प्रशियन, थॅलो हे निळे म्हणजे तांबड्या रश्श्यातलं तिखट, चिमटीनं टाकायचं आणि ढवळून बघायचं.

लागंल त्यापेक्षा जास्त कालवून ठेवायचा. अर्ध्या आभाळात रंग संपला की पुन्हा तोच रंग बापजन्मात होत न्हाई.

पिवळा झाकत न्हाई. गडद पत्र्यावर पिवळी अक्षरं काढायची तर खाली पांढऱ्याचा हात द्यावाच लागतो. तुमच्या जलरंगात कागद पांढरा हाय म्हणून पिवळा आधी लावा, मागनं घालू म्हटलं तर हिरव्यावर तो दिसायचा न्हाई.

आणि रात्री पिवळ्या बल्बाखाली रंग कालवू नका. त्या उजेडात पिवळा आणि पांढरा ओळखत न्हाई. सकाळी बघितलं की डोक्याला हात.

ओला_कागद

बल्बाचं लक्षात घेतलं. पण ओला असताना बरोबर वाटणारा रंग सुकल्यावर फिका होतो, ते कसं सांभाळायचं?

बोर्ड_पेंटर

ते ज्याच्या त्याच्या रंगावर. भिंतीचा इमल्शन ओला फिका दिसतो, वाळला की गडद. आमच्या ऑइलपेंटला फार फरक पडत न्हाई. तुमच्या पाण्याच्या रंगाचं मास्तरांना विचारा.

थर्ड_इयर

मी सांगते, जीडी आर्टला, म्हणजे चित्रकलेच्या पदविकेला आहे. ॲक्रिलिकही इमल्शनसारखंच, ओला बाईंडर (रंग धरून ठेवणारा चिकट भाग) दुधाळ असतो, सुकला की पारदर्शक होतो, म्हणून रंग गडद होतो. जलरंग उलट, सुकला की फिका. पोस्टर कलरमध्ये तर फिके रंग किंचित गडद आणि गडद रंग किंचित फिके होतात, म्हणून संकल्पचित्रात पॅच जुळवताना नाकी नऊ येतात. उपाय एकच: पट्टीवर लावायचा, पूर्ण सुकू द्यायचा, मग ठरवायचं. जलरंग वाटतो त्यापेक्षा थोडा जास्तच गडद उचलायचा.

पण खरं सांगू का ताई, तुमचं चित्र न बघताच मला शंका आहे की अडचण हिरव्याची नाहीच, गडद-फिक्याची आहे. आम्हाला पहिल्या वर्षी पहिल्यांदा हेच शिकवलं. रंगाचे तीन गुण: तो कोणता, किती गडद आणि किती तीव्र. नवीन माणूस पहिल्यावर आणि तिसऱ्यावर मरतो, मधल्याकडं बघतच नाही. शेतातला उजेडातला हिरवा आणि सावलीतला हिरवा यांच्यात गडदपणाचा फरक केवढा असतो! आपल्याला दोन्ही 'हिरवे' माहीत असतात, म्हणून आपण दोन्ही साधारण सारखेच लावतो. मग चित्र सपाट पडतं आणि आपण दोष रंगाला देतो.

मोबाईलवर समोरच्या शेताचा फोटो कृष्णधवल करून बघा, तसाच चित्राचाही. दोन्ही शेजारी ठेवले की सगळं बाहेर येतं. मोबाईल नसेल तर डोळे बारीक करा, बारकावे जातात आणि गडद-फिकं राहतं.

दुसरं साधन फुकट आहे. करड्या पुठ्ठ्याचा तुकडा घ्या, पंचिंग मशीननं भोक पाडा, एक डोळा मिटून हात लांब करून त्यातून बघा. भोकात ना ऊस असतो ना झाड, फक्त रंगाचा ठिपका. मी रंकाळ्यावर संध्यामठाच्या काळ्या दगडावर भोक धरलं तर तो काळा नव्हताच. उन्हाची बाजू उबदार करडी, सावलीतली निळसर. कारण सावलीत सूर्य पोचत नाही पण आभाळ पोचतं. तो दगड अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनानं होतो, पेन्स ग्रेला हात लावावा लागत नाही. दोघांतलं प्रमाण बदललं की उबदार करड्यापासून थंड करड्यापर्यंत सगळं मिळतं, आणि दोन्ही रंग दाणेदार बसतात, त्यामुळं दगडाचा खडबडीतपणा आयता येतो.

अवांतर: मूकपटाच्या काळातली नेहमीची फिल्म तांबड्याला जवळजवळ आंधळी होती. तांबडं काळं उठायचं, निळं आभाळ पांढरं. बाबूराव पेंटरांसारख्या पडदे रंगवणाऱ्या चित्रकारानं त्या काळात इथं कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी चालवली. रंग कोणता आणि त्याचा गडदपणा किती, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्याशिवाय तसल्या फिल्मवर सेट उभाच राहत नाही. हे मला वर्गापेक्षा जास्त त्यातून समजलं.

खडू_फळा

शाब्बास. पोरीनं माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं.

ओला_कागद

दोन-तीन संध्याकाळी तक्ता करत बसले. सरांनी सांगितल्याप्रमाणं लेमन-प्रशियन झगझगीत. गंमत म्हणजे ज्याला मी चिखल म्हणत होते तो अल्ट्रामरीन-गॅम्बोजचा हिरवा तक्त्यात अजिबात वाईट दिसत नाही. आंब्याच्या झाडाचा सावलीतला रंग अगदी तोच आहे.

मग चित्राचा फोटो कृष्णधवल केला. ऊस, बांध, मागची झाडं, सगळं एकाच करड्यात. थर्ड_इयरचं निदान बरोबर.

पण एक कळेना. भोकातून बघितलं तर उसाची पात काही ठिकाणी चक्क निळसर-राखाडी दिसते आणि काही ठिकाणी पिवळी. एकाच शेतात?

पाचट

शेत आमचंच समजा, मी सांगतो. चित्रातलं काही कळत नाही, पण उसाचा रंग रोज बघतो.

पात चकचकीत असते, वरून आभाळ पडतं तिच्यावर, म्हणून राखाडी. सूर्याकडं तोंड करून उभं राहिलात तर ऊन पातीतून आरपार येतं, ती पिवळी दिसते. सूर्य पाठीशी घेऊन बघा, रंग निराळा.

शिवाय ऊस म्हणजे एक हिरवा नसतोच. लावण कोवळी असताना पोपटी. खताचा डोस आणि पाणी बसलं की काळाभोर. लोह कमी पडलं की केवडा पडतो, पात पांढरट-पिवळी होते. तुमच्या चित्रात तसला पट्टा आला तर बघणारा शेतकरी आधी औषध सुचवेल. बुडाला वाळलेलं पाचट गवती रंगाचं, त्याच्या आत कांड्या, काही जातींच्या जांभळट. थंडीत तुरा आला की वरून सगळं रुपेरी. तुम्ही नेमका कुठल्या महिन्यातला ऊस काढताय ते आधी ठरवा.

खडू_फळा

हे पुस्तकात नाही सापडत बरं का.

पाचटरावांचं रंगात सांगतो. उन्हातून पारदर्शक दिसणारी पात: लेमन, त्यात प्रशियनचा नुसता वास. आभाळ पडलेली पात: सेरुलियन किंवा कोबाल्ट भरपूर पाण्यात, त्यात ऑकरचा थोडा अंश. बुडाची सावली: अल्ट्रामरीन, गॅम्बोज, बर्न्ट सिएना, घट्ट. बुडाचं पाचट: ऑकर, कोरडा ब्रश. तुमचे सॅप आणि हुकर्सही फेकू नका, फक्त ते जसेच्या तसे कागदावर नेऊ नका, सिएना किंवा गॅम्बोज घालून वळवा.

पन्हाळ्यावरून खाली बघाल तेव्हा एक लक्षात ठेवा. अंतर वाढेल तसा हिरव्यातला पिवळा आधी जातो, मग सगळंच निळसर आणि फिकं होत जातं. लांबच्या डोंगराला लेमन लावला की तो उडी मारून पुढं येतो. उलट गडावरची जांभ्याची तांबडी माती पुढ्यात असेल तर तोच तांबडा किंचित झाडांच्या हिरव्यातही फिरवा, चित्र एका हातचं वाटतं.

आणि कधी टाउन हॉल म्युझियमला जा, जुन्या कोल्हापूरकरांची चित्रं निवांत बघा. आबालाल रहिमान कोटितीर्थाच्या काठी राहून हीच झाडं, हेच पाणी रंगवत होते. भोकाचा पुठ्ठा तिथंही न्या. पहारेकरी विचित्र बघेल, बघू दे.

पेठेतला_गडी

ते वाळलेल्या ट्यूबांचं काय? टाकायच्या का? पोराची आई विचारतेय.

थर्ड_इयर

जलरंग असतील तर टाकू नका. ट्यूब कात्रीनं उभी चिरा, खडा काढून वाटीत ठेवा, पाण्याचा थेंब टाकला की पुन्हा विरघळतो, त्यात डिंक असतो. ॲक्रिलिक असतील तर मात्र गेले, ते परत ओले होत नाहीत. आणि ब्रश तोंडात घालून टोक काढायची सवय असेल तर पोराला आत्ताच मोडायला सांगा, कॅडमियमसारखे काही रंग विषारी असतात.

ओला_कागद

शेवटचा प्रश्न. बहिणीला एक चित्र भेट द्यायचंय, ती भिंतीवर लावणार. त्यात क्रिम्झन बराच आहे. रंग उडतो असं कुठंतरी ऐकलं.

चार_प्लेटा

उडू शकतो. ट्यूबवर पीआर ८३ असा कोड असेल तर तो जुना ॲलिझरिन क्रिम्झन, उजेडात हळूहळू फिका पडतो. त्याच्या जागी क्विनाक्रिडोनचा वापरा, तो टिकतो. कोडच नसेल तर पट्टीवर सगळे रंग लावा, अर्धी पट्टी काळ्या कागदानं झाका आणि दक्षिणेच्या खिडकीत काही महिने चिकटवून ठेवा. झाकलेलं आणि उघडं यात फरक दिसला की तो रंग भेटीच्या चित्रातून बाद. एका ट्यूबवर तीन-तीन कोड असतील तर तो आधीच मिसळलेला रंग. तुम्ही त्यात आणखी दोन घातलेत की सरांनी सांगितलेले गिळणारे वाढले. शक्यतो एका कोडाच्या ट्यूबा घ्या.

चित्र उन्हाच्या समोरच्या भिंतीवर नको, आणि काच लावताना चित्राला टेकू देऊ नका, मध्ये माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, घालायला सांगा.

भोकाच्या पुठ्ठ्यासाठी दुकानात जाऊ नका कुणी. आमच्याकडं बाइंडिंगच्या ग्रे बोर्डाची कटिंगं रोज पडतात, उद्यमनगरात आलात तर घेऊन जा. आर्ट पेपरची कटिंगंही असतात, पण ती जलरंगासाठी मागू नका. त्यावर कोटिंग असतं, पाणी ठरत नाही.

बोर्ड_पेंटर

माझ्यासाठी थोडी जाड बाजूला ठेवा. पाट्यांचे नमुने दाखवायला लागतात.